जीन्स घ्यायची कशी, धुवायची कशी, फाटायच्या आधी वाचवायची कशी: डेनिमबद्दल सविस्तर

घरात एखादी जुनी, बॉटमला उसवलेली किंवा गुडघ्यावर फाटलेली जीन्स असेल तर आधी ती घेऊन बसा. फाटलेल्या जागेतून सुईने एक निळा धागा ओढून काढा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि त्याचा पीळ उलटा सोडवत जा. धागा उलगडला की आत पांढरा कापूस दिसेल. वरून गडद निळा आणि पोटात पांढरा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं रंगवताना काहीतरी चुकलंय, पण चुकलेलं काही नसतं, डेनिम असंच रंगवतात. आणि ही एक गोष्ट डोक्यात नीट बसली ना, की जीन्सचा रंग का जातो, मांडीवर पांढरट रेघा का पडतात, नवी जीन्स सोफ्याला का लागते, ती कशी धुवायची, या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळत जातात. म्हणून खरेदीच्या आधी दोन मिनिटं धाग्यावर घालवू.

इंडिगो म्हणजे नीळ, ती पाण्यात विरघळतच नाही. त्यामुळे रंगवताना आधी रसायनं घालून तिचं रूप बदलतात, त्या अवस्थेत ती पिवळट हिरवी असते आणि विरघळते. सूत त्यात बुडवून बाहेर काढलं की हवा लागते आणि बघता बघता ते हिरव्याचं निळं होतं. गडद रंग हवा असेल तर हीच बुडवाबुडवी पुन्हा पुन्हा करतात, प्रत्येक वेळी वरून एक थर चढतो, आत गाभ्यापर्यंत मात्र रंग फारसा पोचत नाही. म्हणजे नीळ धाग्याच्या अंगावर बसलेली असते, अंगात मुरलेली नसते. घासलं की थोडी थोडी निघणारच.

दुसरी गोष्ट विणीची. डेनिममध्ये उभे धागे म्हणजे ताणा निळा असतो आणि आडवे धागे म्हणजे बाणा पांढरा. साध्या विणीत एक वर एक खाली असं जातं, डेनिममध्ये बहुतेक वेळा ताणा तीन धाग्यांच्या वरून आणि एकाच्या खालून जातो. म्हणून बाहेरून निळं, आतून पांढरट, आणि जवळून बघितलं तर तिरप्या बारीक रेघा. या तिरप्या विणीला ट्विल म्हणतात. (शँब्रे नावाचं जे पातळ निळं शर्टाचं कापड मिळतं त्यातही ताणा रंगीत आणि बाणा पांढरा असतो पण वीण साधी असते, त्यामुळे ते डेनिम नाही, दिसायला चुलत भाऊ म्हणा.)

नावांचं म्हणाल तर डेनिम हे फ्रान्समधल्या नीम शहरावरून आणि जीन्स हे इटलीतल्या जिनोआवरून आलं असं मानतात, आणि डंगरी हा शब्द चक्क मुंबईच्या डोंगरीवरून, तिथलं जाडंभरडं कापड त्या नावाने जहाजांतून बाहेर जायचं. आणि खिशाच्या कोपऱ्यातले ते तांब्याचे रिव्हेट? ते अमेरिकेतल्या रेनो गावातल्या जेकब डेव्हिस नावाच्या टेलरचं डोकं. कामगारांच्या पॅन्टचे खिसे सारखे उसवतात म्हणून त्याने ते ठोकले, आणि कापड ज्यांच्याकडून घ्यायचा त्या लिवाय स्ट्रॉसला सोबत घेऊन २० मे १८७३ ला त्याचं पेटंट मिळवलं. हे सांगायचं कारण एवढंच की हे कपडे मुळात राबायला बनलेत, नाजूक नाहीत, फक्त त्यांच्या कलाने घ्यायला लागतं.

दुकानात जायच्या आधी घरी करायचं काम

तुमच्याकडे जी पॅन्ट सगळ्यात छान बसते ती जमिनीवर सपाट पसरा आणि टेपने मापं घ्या. कंबर (पुढची आणि मागची पट्टी एकावर एक जुळवून, आलेलं माप दुप्पट), पुढचं आसन म्हणजे दोन पाय जिथे जुळतात त्या शिवणीपासून पट्टीच्या वरच्या टोकापर्यंत, त्या जोडाच्या इंचभर खाली मांडीची रुंदी, गुडघ्याची रुंदी, आतल्या शिवणीची लांबी, आणि बॉटमची रुंदी. मोबाईलमध्ये लिहून ठेवा. टॅगवरचा ३२ हा आकडा प्रत्येक ब्रँडचा वेगळा असतो, बऱ्याचदा टॅग ३२ सांगतो आणि टेप ३४, त्यामुळे ऑनलाइन घेताना तर टॅगकडे बघूच नका, त्यांनी दिलेला मापांचा तक्ता आणि तुमची लिहिलेली मापं एवढंच जुळवा. यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष आसनाकडे होतं, आणि माझ्या मते फिटिंग बिघडतं ते नव्वद टक्के तिथेच. कंबर बरोबर असूनही बसल्यावर पट्टी पोटात रुतते किंवा मागून खाली सरकते ते आसन कमी पडल्यामुळे.

फिटची नावं फार मनावर घेऊ नका. स्ट्रेट म्हणजे गुडघ्यापासून खाली साधारण सरळ, टेपर्ड म्हणजे खाली निमुळती, बूटकट म्हणजे गुडघ्याखाली थोडी पसरणारी, एवढं कळलं तरी पुरे, कारण एकाची स्लिम दुसऱ्याची स्ट्रेट निघते. मांडी भरलेली असेल तर वर सैल आणि खाली निमुळती बघा, उगाच कंबरेचा साईज वाढवून मांडी बसवायला जाऊ नका, कंबर मग पट्ट्याने गोळा करावी लागते आणि मागे चुण्या पडतात.

कापड हातात घेतल्यावर काय बघायचं

आधी आतलं लेबल. शंभर टक्के कॉटन असेल तर सुरुवातीला कडक वाटेल, आठ-दहा वेळा घातल्यावर अंगाला बसेल, आणि कंबर अर्धा ते एक इंच सैल होईल, म्हणून घेताना थोडी घट्ट घ्या, श्वास कोंडेल इतकी नाही पण बटण लावायला जरासा जोर लागेल इतकी. एक-दोन टक्के इलास्टेन (ताणला जाणारा रबरी तंतू) असेल तर बसायला-उठायला आराम, रोजच्या वापराला मी यात काही वाईट मानत नाही. पण तीन-चार टक्के किंवा त्यावर गेलं की पहिल्या दिवशी जी मजा येते ती सहा महिन्यांनी येत नाही, गुडघ्याला पोती येतात, सीट लोंबायला लागते, कारण ते रबरी तंतू उष्णतेने आणि ताणाने थकतात आणि परत मूळ जागी येत नाहीत. स्ट्रेच जीन्स घेणार असाल तर ही टेस्ट करा: मांडीचं कापड दोन्ही हातांनी आडवं धरून (स्ट्रेच बहुतेक आडवाच असतो) दहा वेळा ताणा आणि सोडा, मग जीन्स सपाट ठेवून बघा. ताणलेली जागा फुगीर राहिली तर ठेवून द्या परत.

मग वजन. डेनिमचं वजन एका चौरस यार्डाला किती औंस असं मोजतात. १२ औंस म्हणजे साधारण ४०७ जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम. १० च्या खालचं हलकं, शर्टाला, उन्हाळ्याला, पातळ स्कर्टला बरं. ११ ते १४ हे बहुतेक लोकांच्या कामाचं. १६ च्या वर गेलं की सुरुवातीचे दिवस पुठ्ठा घातल्यासारखं वाटतं, ज्यांना त्याची आवड आहे त्यांच्यासाठी ठीक आहे, पण जाड म्हणजे टिकाऊच असं समजू नका. खूप कडक कापड गुडघ्यामागे आणि जांघेत एकाच घडीवर पुन्हा पुन्हा मोडतं आणि तिथे लवकर विरतं.

सेल्व्हेज या शब्दाला लोक फार भुलतात, म्हणून त्याबद्दल जरा. जुन्या शटल मागावर बाण्याचा एकच धागा इकडून तिकडे आणि परत असा फिरतो, त्यामुळे कापडाचे दोन्ही काठ बंद असतात, धागे सुटत नाहीत. हा बंद काठ म्हणजेच सेल्व्हेज, तो बाहेरच्या शिवणीच्या आत दिसतो, बॉटम दुमडला की ती पांढरी पट्टी आणि त्यातली एखादी रंगीत रेघ. हे माग हळू चालतात आणि जेमतेम २८ ते ३२ इंच रुंद कापड विणतात, आधुनिक माग त्याच्या दुप्पट रुंद आणि कितीतरी वेगाने, म्हणून सेल्व्हेज महाग. अमेरिकेत ग्रीन्सबरोला १९०५ पासून चालणारी व्हाइट ओक ही प्रसिद्ध मिल २०१७ च्या शेवटी बंद झाली, आता चांगलं सेल्व्हेज म्हटलं की लोक जपानच्या ओकायामा, हिरोशिमा भागातल्या गिरण्यांचं नाव घेतात. पण सेल्व्हेज म्हणजे काठ, कापडाचा दर्जा नाही. सेल्व्हेज असून सुमार सूत वापरलेलं असू शकतं आणि सेल्व्हेज नसलेलं उत्तम कापडही असतं. काठासाठी जास्त पैसे द्यायच्या आधी शिवण बघा.

शिवण बघायला जीन्स उलटी करा. आतली बाजू खोटं बोलत नाही. पायाच्या आतली शिवण दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोन ओळींनी शिवलेली असेल तर उत्तम, नुसती ओव्हरलॉक करून सोडलेली असेल तर निदान धागे लोंबत नाहीत ना ते बघा. जांघेत चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे टाके सुटलेले, उड्या मारलेले नकोत. खिशाचं अस्तर बोटांनी चोळा, ते मलमलीसारखं पातळ असेल तर चाव्यांनी वर्षभरात भोक पडणार. पट्ट्याच्या लूपच्या टोकांना आणि खिशांच्या कोपऱ्यांना दाट टाक्यांची छोटी पट्टी असते, तिला बारटॅक म्हणतात, ती सगळीकडे आहे का मोजा. चेन दहा वेळा वर-खाली करा. काजाच्या कडेला धागे सुटलेले दिसले तर तो नग सोडा, काज पहिल्या दोन महिन्यांत फाटतो तो असाच.

अजून एक, जी कोणी सांगत नाही. जीन्स टेबलावर नैसर्गिकपणे पडू द्या आणि बॉटमकडे बघा. बाजूची शिवण फिरून नडगीवर आलीये का? ट्विलच्या तिरप्या विणीमुळे धुतल्यावर पाय पिळवटायला बघतो, चांगल्या गिरण्या कापड तयार करतानाच ते उलट्या बाजूला थोडं तिरकं करून ठेवतात. धुतलेल्या, तयार जीन्समध्येच जर पाय फिरलेला दिसतोय तर पुढे तो सरळ होणार नाही. हे काही जणांना आवडतं, मला नाही आवडत, चालताना सारखी शिवण टोचते.

आणि शेवटी पांढरा रुमाल किंवा टिश्यू जरा ओला करून आतल्या बाजूला, खिशाजवळच्या निळ्या भागावर दहा वेळा घासा. थोडा निळा येणारच, पण रुमाल गडद निळा झाला तर ही जीन्स तुमचे पांढरे बूट, फिकी पर्स, गाडीची सीट सगळं रंगवणार हे धरून चला.

आधीच फिकट केलेल्या जीन्सबद्दल: मांडीवरच्या मिशांसारख्या रेघा, गुडघ्यामागची जाळी, हे दगडांनी, एन्झाइमने, लेझरने, केमिकल फवारून करतात. त्यातला सॅंडब्लास्टिंग हा प्रकार म्हणजे कापडावर वाळूचा मारा, त्याची धूळ छातीत जाऊन कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला, माणसं गेली, तुर्कस्तानने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. घेताना कंपनी याबद्दल काय म्हणते ते वाचत जा, मला हे खूप महत्त्वाचं वाटतं. आणि टिकण्याच्या दृष्टीनेही सांगायचं तर कारखान्यात जितकं कापड घासलं तितकं त्याचं आयुष्य तुमच्या हातात यायच्या आधीच खर्च झालेलं असतं. मला विचाराल तर गडद, एकसारखा, नुसता धुतलेला रंग घ्या, तो मळखाऊ असतो आणि फिकट तर तुम्ही स्वतः कराल, तुमच्या अंगाच्या घड्यांप्रमाणे.

ट्रायल रूममध्ये

उभं राहून आरशात बघणं हा सगळ्यात शेवटचा भाग. आधी बसा. मग उकिडवं बसा. मग एक पाय उंच ठेवून बुटाची लेस बांधतो तसं वाका. बसल्यावर मागे पट्टीत दोन बोटं जायला हवीत, पूर्ण हात गेला तर कंबर मोठी आहे. सरळ उभं राहिल्यावरही जांघेतून बाहेरच्या बाजूला ताणलेल्या आडव्या रेघा दिसत असतील तर मांडी तंग आहे, घालून घालून सैल होईल असं सेल्समन म्हणेल पण मांडीला होते ती अर्ध्या इंचाची मदत, त्याहून जास्त नाही. सीटखाली कापड गोळा होऊन लोंबत असेल तर मागचं आसन तुम्हाला जास्त आहे. ज्या बुटांवर जास्त वेळा घालणार ते बूट घालून जा. आणि फोन, पाकीट खरोखर खिशात टाकून बघा, हल्ली पुढचे खिसे इतके उथळ करतात की बसल्यावर फोन बाहेर येतो.

आल्टर करायच्या आधी एकदा धुवा

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नवी जीन्स दुकानातून थेट टेलरकडे, लांबी अगदी मापात कापून घेतली, पहिल्या धुण्यात आटली आणि घोट्याच्या वर. बहुतेक डेनिमला सॅन्फोराइज केलेलं असतं, म्हणजे कारखान्यातच वाफेने आणि दाबाने आटवून घेतलेलं, १९३० च्या सुमारास सॅन्फर्ड क्लूएटने काढलेली पद्धत, नावही त्याच्यावरूनच. पण तरीही एक ते तीन टक्के शिल्लक राहतं. ३२ इंच लांबीवर तीन टक्के म्हणजे जवळजवळ एक इंच. सॅन्फोराइज न केलेलं कापड तर सात ते दहा टक्के आटतं, तेवढ्याच लांबीवर सव्वादोन ते सव्वातीन इंच. म्हणून आधी धुवा, वाळवा, दोन-तीन दिवस घाला, मग लांबी ठरवा. स्वतः वाकून माप घेऊ नका, वाकलं की कापड वर जातं, दुसऱ्या कोणालातरी टाचण्या लावायला सांगा. टेलरला मूळ दुमड तशीच ठेवून वरून कापायला सांगता येतं, फिकट झालेली कड राहते, अर्थात जवळून जोड दिसतो. साखळी टाक्याचं मशीन असलेला टेलर मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्या टाक्याने कापड किंचित ओढलं जातं आणि काही धुण्यांनंतर दुमडीवर दोरीसारखी तिरपी नक्षी उमटते.

रॉ डेनिम म्हणजे रंगवून विणून तसंच शिवलेलं, एकदाही न धुतलेलं, ते घेतलं असेल तर पहिल्यांदा बादलीत किंवा टबमध्ये कोमट, साधारण ४० अंशाच्या पाण्यात उलटं करून पाऊण तास बुडवा, वर वजन ठेवा नाहीतर तरंगतं. साबण नको. पाणी निळं आणि खळीमुळे चिकट होईल, घाबरू नका. न आटवलेल्या कापडाला पाणी जास्त गरम लागतं, नाहीतर ते अर्धवट आटतं आणि उरलेलं पुढच्या धुण्यात.

रोजचं धुणं

मीठ आणि व्हिनेगर. हा प्रश्न हमखास येतो म्हणून आधी तोच. नव्या जीन्सला मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, असं आईपासून इंटरनेटपर्यंत सगळे सांगतात. इंडिगोच्या बाबतीत हे खरं नाही. काही रंगांना रंगवताना मीठ मदत करतं, पण इंडिगो पाण्यात न विरघळणारा, धाग्याच्या अंगावर नुसता अडकून बसलेला रंग आहे, मीठ त्याला धरून ठेवू शकत नाही. व्हिनेगरने साबणाचा अंश निघायला मदत होते आणि वास कमी होतो, तेवढ्यासाठी शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी घाला हवं तर. रंग टिकवणाऱ्या गोष्टी तीनच: गार पाणी, कमी घर्षण, सावली.

आता हाताने धुताना मी काय करते ते सांगते. खिसे रिकामे, चेन बंद, बटण लावलेलं, जीन्स उलटी. बादलीत गार पाणी, त्यात लिक्विड डिटर्जंट, ब्लीच नसलेला, आणि ज्यावर पांढरे कपडे चमकवणारा असं लिहिलंय तो तर मुळीच नको, त्यातले चमक आणणारे घटक निळ्याला राखाडी झाक देतात. साबण आधी पाण्यात नीट ढवळून मग जीन्स बुडवायची, कापडावर थेट ओतला तर तिथे फिका डाग पडतो. वीस-पंचवीस मिनिटं भिजवायचं, रात्रभर नाही. मग तळहाताने दाबत दाबत, कणीक तिंबतो तसं पण हलक्या हाताने, जांघ, कंबरपट्टी, बॉटम एवढ्या तीन जागी जरा जास्त लक्ष. ब्रश नको, आपटायचं तर मुळीच नाही. दोन-तीन पाण्यांत खळबळून काढायचं आणि पिळायचं नाही. पिळलं की ओल्या जाड कापडाला ज्या चुण्या पडतात त्यांच्या माथ्यावरच रंग घासला जातो आणि पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा कायमच्या बसतात. नळावर पाच मिनिटं टांगून पाणी निथळू द्या किंवा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

मशीनमध्ये असेल तर उलटी, ३० अंशापर्यंतचं पाणी, हलकं सायकल, स्पिन कमी, आणि ड्रम अर्धा रिकामा, कोंबून भरला की त्याच त्या चुण्यांच्या रेघा. पहिल्या चार-पाच वेळा एकटी किंवा गडद कपड्यांबरोबरच. स्ट्रेचवाल्या जीन्सला ड्रायर आणि क्लोरीन ब्लीच दोन्ही विष आहे.

वाळत घालताना बॉटम वर आणि कंबर खाली, म्हणजे कंबरेच्या वजनाने पाय आपोआप सरळ ताणला जातो आणि इस्त्री जवळजवळ लागतच नाही. चिमटा शिवणीवर लावा, मोकळ्या कापडावर लावला तर खूण राहते. खिसे बाहेर काढून ठेवा, नाहीतर सगळं वाळतं आणि खिसेच ओले राहतात, कुबट वास येतो तो तिथूनच. सावलीत वाळवा. ऊन इंडिगोला खातं, उलटी करून घातली तरी कड पिवळट पडते.

किती दिवसांनी धुवायची? आकडा मी देणार नाही, कारण घाम, हवा, काम प्रत्येकाचं वेगळं. वास आला, जांघेत चिकट लागायला लागलं, डाग दिसला, की धुवा. २०११ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने जीन्स १५ महिने न धुता घातली आणि तपासली, मग धुऊन १३ दिवस घालून परत तपासली, जिवाणूंचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. म्हणजे दोन-चार वेळा जास्त घातली म्हणून आजारी पडत नाही कोणी. पण महिनोन्‌महिने न धुण्याचं जे खूळ आहे तेही मला पटत नाही, कारण घामातलं मीठ आणि धुळीचे कण धाग्यांत बसून बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतात, आणि ते सगळ्यात जास्त साठतं जांघेत, जिथे कापड आधीच घासलं जात असतं. मधल्या दिवसांत घालून झाल्यावर उलटी करून रात्रभर वाऱ्यावर टांगा, लगेच घडी घालून कपाटात कोंबू नका. फ्रीझरमध्ये ठेवून जंतू मरतात हे विसरा, बरेचसे गारठ्यात नुसते थांबतात आणि अंगाची ऊब मिळाली की परत सुरू. आणि पाण्याचा हिशोबही आहेच, लिवायजने स्वतःच्या ५०१ या मॉडेलच्या जीन्सचा हिशोब मांडला तेव्हा कापूस पिकवण्यापासून शेवटपर्यंत एका जीन्समागे ३,७८१ लिटर पाणी आलं, त्यातलं २३ टक्के घरच्या धुण्याचं.

डागांचं थोडक्यात. तेलाचा डाग: भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, बोटाने हळू थापटायचं, दहा मिनिटांनी धुवायचं. रक्त: फक्त गार पाणी, गरम लावलंत तर बसलंच. चिखल: हात लावू नका, पूर्ण वाळू द्या, मग झटका. शाईला स्पिरिट लावायचं असेल तर आधी आतल्या दुमडीवर लावून बघा. कुठलाही डाग घासून काढायला गेलात तर डाग जाईल आणि त्या जागी फिकट वर्तुळ राहील, जे डागापेक्षा वाईट दिसतं.

काळ्या जीन्सला वेगळं वागवा. काळं डेनिम बहुतेक सल्फर रंगाने रंगवतात, त्याचं फिकट होणं निळ्यासारखं देखणं होत नाही, ती एकूणच राखाडी पडत जाते. त्यामुळे अजून कमी वेळा, अजून गार पाण्यात, आणि दमट कपाटात महिनोन्‌महिने ठेवू नका, सल्फरने रंगवलेलं सूत दमट उबदार जागेत पडून पडून कमजोर होऊ शकतं.

आणि जांघेकडे लक्ष ठेवा

बहुतेक जीन्स गुडघ्याला नाही, जांघेत जातात. माझी एक अतिशय आवडती जीन्स अशीच गेली. आतल्या मांडीवर रुपयाएवढी जागा मऊ, लुसलुशीत झाली होती, मला दिसत होती, पण फाटली कुठे आहे अजून म्हणून सोडून दिलं, आणि एक दिवस जिन्यावर पाय टाकताना हातभर फाटली. फाटायच्या आधी रफू केलं असतं तर अजून दोन-तीन वर्षं सहज घातली असती.

म्हणून दर धुण्याच्या वेळी उलटी केलीच आहे तर जांघेचा भाग खिडकीसमोर धरा. उजेड आरपार दिसायला लागला, किंवा बाहेरून निळे उभे धागे तुटून आडव्या पांढऱ्या धाग्यांची शिडी दिसायला लागली, की हीच वेळ. आधी जीन्स धुवा, मळलेल्या कापडावर शिवू नका. आतून लावायला मऊ, पातळ सुती कापड घ्या, विरलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठं, कोपरे गोल कापलेलं. हाताने कच्चे टाके घालून बसवा. मग कापडाशी जुळणाऱ्या निळ्या धाग्याने, उभ्या धाग्यांच्या दिशेने, मशीन पुढे-मागे पुढे-मागे चालवत ओळी भरत जायचं, विरळ जागी दाट आणि चांगल्या कापडाकडे जाताना विरळ. ओळी सगळ्या एकाच रेषेत संपवू नका, एक लांब एक आखूड अशा संपवा. सरळ रेषेत संपवल्या तर पुढची फाट बरोबर त्याच रेषेवर येते, कारण एकीकडे जाड आणि दुसरीकडे विरलेलं. इस्त्रीने चिकटवायचे पॅच गुडघ्याला एक वेळ चालतील, जांघेत नको, ते कडक असतात, कड टोचते आणि महिन्याभरात सुटतात. हाताने करायचं असेल तर जपानी साशिको पद्धतीचे साधे धावदोऱ्याचे टाके, पांढऱ्या जाड दोऱ्याने, ओळीने घालत गेलं की ठिगळही छान दिसतं, ते मुद्दाम दिसू द्यावं असं माझं मत.

अजून दोन जागा सांभाळायच्या. मागचा मधला लूप, घाईत जीन्स वर ओढताना तो धरून ओढू नका, लूप तुटत नाही, खालचं कापड फाटतं. पट्टीला धरून ओढा. आणि काज, कडेचे धागे सुटायला लागले की घरीच काजाचे टाके घालून घ्या, दहा मिनिटांचं काम.

डेनिम जॅकेटला यातलं बरंच लागू होतं, फक्त खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसतेय ना आणि हात समोर ताणल्यावर पाठीत ओढत नाही ना एवढं बघा, आणि आत स्वेटर घालणार असाल तर स्वेटर घालूनच ट्राय करा. धुवायला ते फार कमी लागतं, मळते ती कॉलर आणि मनगटं, तेवढंच ओल्या फडक्याने पुसून भागतं.

आणि एखादी जीन्स खरंच संपली, शिवण्यापलीकडे गेली, तरी फेकू नका. गुडघ्याखालचे दोन्ही पाय शिवणीला लागून कापून ठेवा, तिथलं कापड जवळजवळ नव्यासारखं असतं आणि धुऊन धुऊन त्याचं आटणं झालेलं असतं. पुढच्या जीन्सला ठिगळ लागेल तेव्हा बाजारातल्या कोऱ्या डेनिमपेक्षा हे चांगलं बसतं, कारण कोरं कापड लावलं तर ते पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतीचं कापड ओढून चुण्या पाडतं.